परांचीची भोकं

आमच्या गावच्या बागेत वेल्समधला एक किल्ला उभा आहे. उंची माझ्या कमरेएवढी. इथल्याच खाणीतल्या वालुकाश्माचे छोटे छोटे चिरे घडवून तो बांधलाय. आत एक तट, बाहेर एक तट, आठ बुरूज, दोन दरवाजे. मुलांनी वर चढू नये म्हणून भोवती दोरी लावली आहे आणि मुलं चढतातच. बुरुजांना पेन्सिल जाईल एवढी भोकं आहेत. ती सरळ ओळीत नाहीत, बुरुजाला वळसा घालत तिरकी वर चढतात. मला माझ्या एम.टेक.चा जेवढा अभिमान नाही तेवढा त्या तिरकेपणाचा आहे. तो कसा आला ते सांगायचं म्हणजे माझीच शोभा होणार आहे, पण सांगते.

जर्मनीत नेकारसुल्मला गाड्यांच्या कारखान्यात मी मोजमापाच्या विभागात आहे. गाडीचं दार आणि चौकट यांच्यात किती फट राहिली हे केसाच्या जाडीहून बारीक मोजायचं आणि चूक निघाली तर ती ज्याची त्याच्या पदरात घालायची, हे माझं काम. स्वभाव आधीपासून तसाच होता, नोकरी नंतर मिळाली. नवरा सोमवार ते शुक्रवार रेगेन्सबर्गला असतो. आठवडाभर एकटीनं भिंतींशी बोलण्यापेक्षा बरं म्हणून मी गावातल्या एका फेराइनमध्ये, म्हणजे मंडळात, जायला लागले. जर्मन माणसाला कशाचंही मंडळ काढता येतं. आमचं मंडळ जुळ्या गावाचं होतं. इथे बहुतेक गावांना परदेशात एक पार्टनरश्टाट असते, दोन्हीकडची मंडळी एकमेकांकडे जातात, बिअर पितात, भाषणं करतात. आमचं जुळं गाव वेल्समध्ये, समुद्राकाठी. त्याची शान म्हणजे तिथला किल्ला. तोच दगडात बांधून बागेत ठेवायचा, असं मंडळानं ठरवलं.

मंडळाच्या अध्यक्षबाई शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेल्या. किल्ल्याबद्दल बोलायला लागल्या की त्यांची कॉफी थंड व्हायची. वेल्समध्ये आधी मातीचे उंचवटे रचून त्यावर लाकडी गढ्या होत्या, सीमेवरच्या इंग्रज सरदारांनी त्या पुढे दगडाच्या केल्या, आणि मग इंग्लंडच्या राजानं सगळा मुलूखच जिंकून डोंगर आणि समुद्र यांच्या मधोमध किल्ल्यांची माळ ओवली. गोल बुरूज कशासाठी, तर चौकोनी बुरुजाचा कोपरा खालून पोखरून पाडता येतो. इंग्लंडभरातून खणणारे, सुतार, गवंडी धरून आणले. वाटेत पळून जाऊ नयेत म्हणून बरोबर घोडेस्वार. किल्ल्याला चिकटून तटबंदीचं गाव वसवलं, त्यात बाहेरून आणलेले इंग्रज. ज्यांचा तो मुलूख, त्या वेल्श माणसांना तटाच्या आत घर करायला मनाई.

"गेनाऊ," म्हणजे अगदी बरोबर, असं त्या टेबलावर बोट आपटून म्हणायच्या, "किल्ला बघताना लोक राजा कोण ते विचारतात. मी मुलांना विचारायचे, दगड कुणी उचलला?"

हे ऐकताना मी मान डोलवायचे. माझ्या वडिलांनी उभा जन्म दगड उचलला आणि घडवला, हे मात्र मी तिथे कधीही बोलले नाही.

आराखडे काढायचं काम माझ्याकडे आलं. फोटो भरपूर होते. त्यांवरून मापं घेऊन पंचविसास एक या प्रमाणात मी प्रत्येक बुरुजाचा प्रत्येक थर काढला. फोटोत बुरुजावर भोकं दिसत होती, एकाआड एक, जरा तिरकी. खालून काढलेल्या फोटोत असं होतं, गोल वस्तू लेन्समध्ये वाकते. मी ती भोकं सरळ केली. तीन-तीन थरांवर एक, अशी आडव्या ओळीत नीट मांडली. आराखडा बघून मंडळातले सगळे खूश झाले. मीही झाले.

एप्रिलमध्ये अण्णा आले, तीन महिन्यांच्या व्हिसावर. अण्णा म्हणजे माझे वडील. सातारा जिल्ह्यातले, चौथी शिकलेले, दगडी कामाचे गवंडी. आमच्या भागातल्या दोन पुलांचे खांब, घाटातल्या कितीतरी संरक्षक भिंती आणि तालुक्याच्या शाळेचा दर्शनी भाग त्यांच्या हातचा आहे. आई गेल्यापासून एकटेच राहतात, गुडघे कुरकुरतात, पण मोकळं बसणं जमत नाही. इथे आल्यावर पहिल्या आठवड्यात त्यांनी माझ्या बाल्कनीच्या फरशा ठोकून तीन पोकळ असल्याचं जाहीर केलं. कुंड्या आणायला बांधकाम-सामानाच्या दुकानात नेलं, तर तिथे बागेत ठेवायची बुद्धाची डोकी ओळीनं मांडलेली. घरी रोज सकाळी वंदना करणारा माणूस तो. बराच वेळ उभे राहिले.

"बाकीचं अंग कुठं हाय?"

"एवढंच विकतात, अण्णा."

"अर्ध्यात काम सोडलंय," ते म्हणाले आणि पुढे गेले.

शनिवारी त्यांना घरी नुसतं बसवून कसं ठेवायचं, म्हणून मंडळाच्या वर्कशॉपमध्ये घेऊन गेले. दारातच एक यादी टांगलेली होती. जो कोणी हत्याराला हात लावेल त्याचं नाव विम्यासाठी लिहायचं. नाव, जन्मतारीख, बेरूफ, म्हणजे व्यवसाय. मी पेन घेतलं आणि अण्णांच्या नावापुढे लिहिलं, बाउइंजेनियर. सिव्हिल इंजिनिअर. हात अडखळलासुद्धा नाही.

का लिहिलं? जुनी सवय. अकरावीच्या फॉर्मवर वडिलांचा व्यवसाय या रकान्यात मी "बांधकाम" लिहिलं होतं. खिडकीतल्या कारकुनानं विचारलं, "बांधकाम म्हणजे, बिल्डर का?" मी मान हलवली. तो एकदम नीट बोलायला लागला. तेव्हा सोळा वर्षांच्या पोरीला जे कळायचं ते कळलं. पुढे पुण्याला इंजिनिअरिंगच्या फॉर्मवर "बांधकाम व्यवसाय" झालं, हॉस्टेलच्या मैत्रिणींसाठी "कॉन्ट्रॅक्टर" झालं, आणि जर्मनीत येईपर्यंत अण्णांना बढती मिळत मिळत ते इंजिनिअर झाले. त्यांना न विचारता.

वर्कशॉपमध्ये एक म्हातारे गृहस्थ होते, मंडळात खरा कारागीर तेवढाच. चाळीस वर्षं कबरींवरचे दगड घडवलेला श्टाइनमेट्झ, म्हणजे दगडी कामाचा कारागीर. त्यातही माइस्टर, म्हणजे परीक्षा देऊन कागद मिळवलेला. ते चिरे घडवत होते. अण्णा त्यांच्या शेजारी जाऊन उभे राहिले, जरा वेळ बघितलं, मग एक छिन्नी उचलून तिचं टोक अंगठ्यावर घासलं आणि नाक मुरडलं. म्हातारेबुवांनी निमूट दुसरी दिली. अण्णांनी एक चिरा मांडीपाशी ओढला आणि दोन-चार घावांत त्याची बाजू काटकोनात आणली. गुण्या लावून बघायचीही गरज नव्हती, पण म्हातारेबुवांनी लावून बघितला. मग दोघं दुपारपर्यंत एक शब्द न बोलता गप्पा मारत होते, एवढंच मी सांगू शकते.

"तुझे वडील इंजिनिअर आहेत?" म्हातारेबुवांनी मला हळूच विचारलं. "असा इंजिनिअर मी पाहिला नाही."

मी म्हटलं, "हो, हो. पण हातानं काम करायची आवड आहे."

खोटं असं एकटं राहत नाही, त्याला भावंडं होतात.

तिसऱ्या शनिवारी पहिला बुरूज नवव्या थरापर्यंत आला होता. अण्णा भिंतीवर लावलेल्या फोटोसमोर थांबले, मग माझ्या आराखड्यासमोर, मग परत फोटोसमोर.

"ही भोकं तू सरळ कशापायी केलीस?"

"फोटोत वाकडी दिसतात. मुळात सरळच असणार."

"कोण म्हणालं?"

"अण्णा, मी रोज मायक्रॉनमध्ये मोजते. लेन्सनं काय काय होतं ते मला माहीत आहे."

"ते तुझं तुला ठाऊक. ही परांचीची भोकं हाईत. भिंत वर जाईल तशी ह्यात वासे घालायचे आन् त्यावर फळ्या टाकायच्या. भोकं आडवी असती तर आडवी परांची. ही चढत्यात. म्हंजे परांचीच चढत होती."

माझा आवाज चढला. सगळ्यांसमोर, मराठीत का होईना, मी त्यांना म्हणाले की इथे अंदाजपंचे चालत नाही. त्यांनी मला शेजारच्या सुपरमार्केटातून ग्रिलच्या बांबूच्या काड्या आणायला सांगितल्या, सुतळी आणायला सांगितली. मग शाडूसारख्या एका मातीचा गोल खांब करून त्यात फोटोतल्यासारख्या तिरक्या रांगेत काड्या खोचल्या, काड्यांवर पुठ्ठ्याच्या पट्ट्या बांधल्या. बुरुजाभोवती वर चढत जाणारा रस्ता तयार झाला. एक चिरा त्यांनी त्या रस्त्यावरून बोटानं ढकलत खालून पार वरपर्यंत नेला.

"शिडीनं दगड किती न्याल? एक, दोन. ह्याच्यावरनं ओढत न्याल तेवढा जाईल. आम्ही घाटातल्या भिंतीला सरळ उतार केलेला. ह्यांनी बुरुजालाच गुंडाळला." आणि मग त्या कधी न पाहिलेल्या माणसाबद्दल, अगदी आपल्या टोळीतल्या एखाद्याबद्दल बोलावं तसं म्हणाले, "हुशार गडी हुता."

म्हातारेबुवा उठून उभे राहिले होते. अध्यक्षबाई कपाटातून फायली काढायला लागल्या. दहा मिनिटांनी त्यांना पान सापडलं. तो किल्ला बांधणारे मुख्य गवंडी आल्प्सच्या डोंगरांतून, सॅव्हॉयहून राजानं बोलावून घेतले होते आणि त्यांच्या मुलखातल्या बुरुजांवरही अशीच चढती भोकं आहेत, असं त्यात लिहिलं होतं. बाईंनी चष्मा काढला. "इतकी वर्षं हे वाचतेय मी," त्या म्हणाल्या, "आणि मला वाटायचं, सजावट असेल."

त्या क्षणी माझी छाती फुगली होती, हे मी लपवत नाही. आणि त्याच वेळी सात थर चुकले म्हणून चिडलेही होते.

"तिसऱ्या थरापासून काढायला लागंल," अण्णा म्हणाले.

म्हातारेबुवा हातोडी घेऊन पुढे झाले, तर अण्णांनी त्यांच्या मनगटावर हात ठेवला आणि माझ्याकडे बोट केलं. "हिचा आराखडा. तीच काढंल. चुकलेला थर ज्याचा त्यानं काढायचा, दुसऱ्यानं हात लावायचा न्हाई. आमच्या कामावर तसंच असतं." मी भाषांतर केलं. म्हातारेबुवांनी हातोडी माझ्या हातात दिली. दोन शनिवार मी एकेक चिरा सुटा करून, चुना खरवडून, ओळीनं मांडत बसले. अण्णा स्टुलावर बसून बघत होते. मदत म्हणून एक दगड उचलला नाही.

जूनमध्ये उद्घाटन ठरलं. वेल्सहून पाहुणे यायचे होते. किल्ल्याशेजारी लावायच्या फलकाचा मजकूर अध्यक्षबाईंनी सगळ्यांना मेलवर पाठवला. खाली काम करणाऱ्यांची नावं होती आणि त्यांत अण्णांचं. बांधकामविषयक सल्ला, असं म्हणून त्यांचं नाव आणि पुढे बाउइंजेनियर, भारत. यादीवरून उचललेलं.

ऑफिसात बसून मी तो मजकूर पुन्हा पुन्हा वाचला. गप्प बसले असते तर कुणाला कळणार होतं? अण्णांना जर्मन येत नाही. ते जुलैत परत जाणार. फलक तेवढा इथे राहणार, धातूचा, माझ्या रोजच्या चालायच्या वाटेवर. त्या माणसानं आयुष्यात केलेलं सगळं काम त्याच्या नावावर कुठेही लिहिलेलं नाही. पुलांवर मंत्र्यांची नावं, शाळेवर देणगीदारांची. पहिल्यांदा दगडाशेजारी त्यांचं नाव लागणार होतं, आणि ते मी खोटं करून ठेवलं होतं.

मंगळवारी अर्धी सुट्टी टाकून मंडळात गेले. दोघंही होते, बाई आणि म्हातारेबुवा. मी सांगितलं. जर्मन मला उत्तम येतं, पण त्या दिवशी तीन वाक्यं धड जुळेनात.

बाई म्हणाल्या, "पण का?" त्यांना खरंच कळत नव्हतं, आणि अकरावीचा फॉर्म आणि खिडकीतला कारकून जर्मनमध्ये कसा समजावून सांगायचा हे मला कळत नव्हतं. मी फक्त म्हटलं, "वेल्समध्ये तट बांधणारे आणि तटाबाहेर राहणारे तुम्ही शिकवता ना? आमची वस्तीही गावाच्या वेशीबाहेर होती. तिथून आलेल्या माणसाला कागदावर आधी आत यावं लागतं."

बाईंनी मान डोलवली. म्हातारेबुवांनी नाही. त्यांचे कान लाल झाले होते.

"म्हणजे माझ्या कामाची तुला लाज वाटते? तुझ्या वडिलांचं काम आणि माझं काम एकच. आणि इतके महिने तू माझ्याशेजारी बसून कॉफी प्यायलीस."

मी माफी मागितली, त्यांनी ती घेतली की नाही ते लगेच कळलं नाही.

"मग माइस्टर लिहू का?" बाईंनी विचारलं. "पण त्याला परीक्षेचा कागद लागतो. तुमच्या वडिलांकडे..."

"कागद माझ्याकडे आहे," म्हातारेबुवा म्हणाले, "आणि मी ती भोकं सरळ बांधत होतो. लिहा, श्टाइनमेट्झ. माझ्यापुढेही तेवढंच लिहा, माइस्टर काढा. दोन नावं खाली-वर नकोत. एका ओळीत."

उद्घाटनाला ऊन होतं. गावचा बँड, सॉसेजची गाडी, वेल्सहून आलेले वीस-पंचवीस जण. त्यांच्यातल्या एका बाईंनी बुरुजाच्या भोकांवरून हात फिरवला आणि काहीतरी आपल्या भाषेत म्हणून डोळे पुसले. अण्णांनी माझ्या लग्नातला कोट घातला होता. भाषणात अध्यक्षबाईंनी त्यांना पुढे बोलावलं तेव्हा ते आधी ओळंबा लावून बुरूज बघून आले, मग उभे राहिले. टाळ्या खूप वेळ चालल्या. मी सगळ्यांत जोरात वाजवत होते.

गर्दी सॉसेजकडे वळल्यावर अण्णा फलकापाशी आले.

"माझं नाव कुठलं?"

मी बोट ठेवलं.

"आन् म्होरं काय लिवलंय?"

"दगडी कामाचा कारागीर. त्या बाबांच्या नावापुढे आहे तेच."

त्यांनी मान डोलवली. तिथे थांबता आलं असतं. पण जोर करून मी म्हणाले, "अण्णा, आधी तिथे इंजिनिअर लिहिलं होतं. मीच लिहिलं होतं. मागच्या महिन्यात बदलून घेतलं."

ते माझ्याकडे बघायला लागले. मग हसले. "इंजिनिअर? आमच्या घाटातल्या भिंतीच्या आराखड्यात ज्या सायबानं पाणी जायला भोकं ठेवली न्हाईत, तसला? एवढं खाली उतरवलंस व्हय मला?"

मला हसू येईना. "अकरावीपासून असंच लिहीत आले, अण्णा. बांधकाम व्यवसाय, आणि काय काय. तुम्हाला कधी सांगितलं नाही."

"सांगायचं काय त्यात?" ते कोटाच्या बाहीनं फलकावरचं बोटाचा डाग पुसत म्हणाले. "फॉर्मवर पालकाची सही कोण करत हुतं? मला मराठी वाचाय येतं की."

कॉलेजची सहा वर्षं. दर वर्षी एक फॉर्म. दर फॉर्मखाली त्यांची सही, सावकाश, एकेक अक्षर घडवल्यासारखी. आणि दर वेळी सही करून कागद माझ्याकडे देताना ते म्हणायचे, नीट ठेव.

"मग बोललात का नाही तेव्हाच?"

"थर तुझा हुता," अण्णा म्हणाले. "मी कसा काढणार?"

मग त्यांनी माझ्या दंडाला धरलं आणि म्हणाले, आता त्या ओळीत काय काय लिवलंय ते सगळं वाचून दाखव, सावकाश. मी माझ्या वडिलांचं नाव आणि त्यांचा व्यवसाय मोठ्यानं वाचला.